डेटा सायन्ससाठी पदवी कुठली? आधी अभ्यासक्रम उघडा

ताईने जेवणाच्या टेबलावर पाच माहितीपत्रकं पसरली आणि म्हणाली, "तू याच कामात आहेस ना? मग सांग, यातलं कुठलं?"

पाचही पत्रकांवर जवळपास एकच चित्र होतं. निळा पडदा, त्यावर शून्य आणि एकचा पाऊस, आणि हवेत बोट टेकवून उभा असलेला कोटवाला माणूस. मी अठरा वर्षं हे काम करतेय, हवेत बोट टेकवायची वेळ अजून आलेली नाही. निम्मे दिवस चुकीचे पिनकोड दुरुस्त करण्यात जातात.

भाचीची बारावी झाली होती, पीसीएम घेऊन. सीईटीचा पर्सेंटाइल बरा, पण पवईच्या आयआयटीचं दार उघडेल असं जेईईत काही घडलं नव्हतं. पत्रकं होती बी.एस्सी. डेटा सायन्सचं, बी.एस्सी. संख्याशास्त्राचं, इंजिनिअरिंगमधल्या एआय अँड डेटा सायन्स शाखेचं, बी.एस्सी. आयटीचं आणि बी.ए. अर्थशास्त्राचं. भावोजींचा हिशेब सरळ होता. "जिच्या नावात डेटा सायन्स आहे ती घ्यायची. डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएसच करतो ना आपण?"

इथेच गफलत आहे. वैद्यकीय पदवी आणि नोंदणीशिवाय पेशंटला औषध लिहून दिलं तर पोलीस येतात. डेटा सायन्सला ना परवाना लागतो, ना त्याची कुठली कौन्सिल आहे. कोणतीही कंपनी कोणालाही डेटा सायंटिस्ट म्हणू शकते, आणि म्हणते. आमच्याच टीममध्ये मी संख्याशास्त्राची, एक मेकॅनिकल इंजिनिअर, एक अर्थशास्त्रवाली आणि एक पदार्थविज्ञानवाला आहे. उलट नावात डेटा सायन्स असलेली पदवी घेऊन आलेली मुलंही मुलाखतीला येतात. काही फार छान असतात. काहींना सरासरी आणि मध्यक यात कधी काय वापरायचं ते सांगता येत नाही.

म्हणून पदवीच्या नावाकडे जरा वेळ पाठ फिरवू आणि हे काम नक्की असतं काय ते बघू.

१ जूनला जन्मलेली माणसं

कंपनीकडे नोंदींचा ढीग पडलेला असतो. कोणी कर्जाचा हप्ता चुकवला, कार्ड कुठल्या दुकानात चाललं, कुठल्या गोळीने कुणाचा रक्तदाब किती उतरला. या ढिगातून एखाद्या प्रश्नाचं उत्तर काढायचं आणि त्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा तेही सांगायचं, हे आमचं काम. त्यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड असतो.

पहिल्या नोकरीतली माझी एक चूक सांगते. कर्ज देणारी एक कंपनी होती, आणि कोणता कर्जदार हप्ता चुकवेल याचा अंदाज बांधायचं काम माझ्याकडे आलं. जन्मतारखांचा आलेख काढला तर वर्षभर सपाट रेघ आणि मध्येच एक सुळका. हजारो लोक १ जूनला जन्मलेले! मला वाटलं, तारीख भरायचा कंटाळा आला म्हणून कुणीतरी हीच ठोकून दिली असणार. सगळ्या ओळी काढून टाकल्या. फाइल स्वच्छ झाली, मॉडेलही, म्हणजे अंदाज बांधणारं गणित, झकास चाललं.

आमचे साहेब साताऱ्याकडचे. त्यांनी आलेख बघितला आणि हसायलाच लागले. म्हणाले, "माझीही जन्मतारीख १ जूनच आहे. माझ्या थोरल्या भावाची पण." गावाकडे शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना नेमकी तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी दाखल्यावर १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या ओळी खोट्या नव्हत्याच. त्या खेड्यात जन्मलेल्या, वयाने मोठ्या कर्जदारांच्या होत्या आणि मी नेमकी तीच माणसं फाइलीबाहेर काढली होती. माझं मॉडेल आता फक्त शहरातल्यांना ओळखत होतं, आणि वापरलं जाणार होतं सगळ्या महाराष्ट्रासाठी.

त्या चुकीला संख्याशास्त्रात नाव आहे, निवडीतला पूर्वग्रह. ते नाव मला परीक्षेपुरतं पाठ होतं. तरी साहेब हसले तेव्हा ते आठवलं आणि काय बिघडलं असेल ते पुढच्या पाच मिनिटांत कळलं, हे त्या पदवीमुळे. आणि १ जूनची गोष्ट मुळात कळली ती साताऱ्यामुळे. या कामाला दोन्ही लागतं. ओळी काढून टाकायची आज्ञा मात्र एका ओळीची होती, ती कुणालाही जमली असती.

भाचीला हे ऐकून मजा वाटली, भावोजींना पटलं नाही. मग मी एका पत्रकाच्या पाठीवर गणित मांडलं.

समजा एका बँकेत दिवसाला १ लाख कार्ड व्यवहार होतात आणि त्यातले २०० फसवणुकीचे असतात. आपण ते पकडणारं मॉडेल बनवलं. खरी फसवणूक असेल तर ते १०० पैकी ९० वेळा घंटा वाजवतं. व्यवहार चोख असेल तर १०० पैकी एकदाच चुकून वाजवतं. आता घंटा वाजली. तो व्यवहार खरोखर फसवणुकीचा असण्याची शक्यता किती?

"नव्वद टक्के," भावोजी लगेच म्हणाले. बहुतेक लोक हेच म्हणतात, चांगले मॅनेजरसुद्धा.

भाचीने पेन घेतलं. २०० पैकी ९० टक्के, म्हणजे १८० पकडले. उरलेले ९९,८०० व्यवहार चोख, त्यांच्या १ टक्क्यावर खोटी घंटा, म्हणजे ९९८. एकूण घंटा १,१७८, त्यात खऱ्या १८०. भागाकार केला तर साधारण १५ टक्के. "म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा आपण साध्या माणसाचं कार्ड अडवणार?" ती म्हणाली. हो. आणि तो माणूस तेव्हा वाण्याच्या काउंटरवर उभा असतो, मागे रांग असते.

अजून एक गंमत. घंटा कधीच न वाजवणारं, सगळं ठीक आहे म्हणणारं आळशी मॉडेल बनवलं तर ते १ लाखापैकी ९९,८०० वेळा बरोबर ठरतं. अचूकता ९९.८ टक्के, उपयोग शून्य. हा आकडा अभिमानाने सादर करणारी मंडळी मी बघितली आहेत.

यात आठवीच्या टक्केवारीपलीकडे काही नाही. पण असा प्रश्न विचारायचा असतो हे सुचायला संभाव्यता अंगात मुरावी लागते. या विचाराचं मूळ थॉमस बेझच्या निबंधात आहे. तो १७६३ साली, बेझ वारल्यानंतर छापला गेला.

जे एकट्याने जमत नाही, त्यासाठी कॉलेज

या कामाला गणित लागतं, त्यातही संभाव्यता, संख्याशास्त्र, लिनिअर अल्जिब्रा आणि थोडं कॅल्क्युलस. प्रोग्रॅमिंग लागतं, म्हणजे पायथन किंवा आर, आणि डेटाबेसमधून माहिती काढायला एसक्यूएल. शिवाय ज्या धंद्याचा डेटा आहे त्या धंद्याची समज लागते.

पायथन मी डोंबिवली ते कुर्ला, चौथ्या सीटवर अर्धी बसून, फोनवरचे फुकटचे व्हिडिओ बघत शिकले. एसक्यूएल नोकरीत शिकले, तीन आठवड्यांत कामापुरतं आलं. धंद्याची समज नोकरीतच येते, आधी येत नाही. पण कोव्हेरियन्स मॅट्रिक्स म्हणजे काय, एका नमुन्यावरून लाखो लोकांबद्दल बोलायचा हक्क कुठून येतो, हे लोकलमध्ये शिकायला बसलेली आणि शेवटपर्यंत गेलेली माणसं मला फार भेटली नाहीत. त्याला फळा लागतो, चुकीच्या पायरीवर बोट ठेवणारे सर लागतात, दर आठवड्याला करून न्यायची गणितं लागतात, आणि डोक्यावर परीक्षेची टांगती तलवार.

माझं म्हणणं एवढंच आहे. तीन-चार वर्षं आणि आईबापांचे पैसे अशा गोष्टीवर लावा जी पुढे एकट्याने शिकणं जवळपास अशक्य आहे. जे फुकट आणि लवकर शिकता येतं त्याच्यासाठी मोठी फी भरू नका.

दुसरं असं की साधनं बदलतात. मी सॅस नावाच्या सॉफ्टवेअरवर सुरुवात केली, मग आर आलं, मग पायथन. दरवेळी नवी नावं, नवी लुडबुड. मात्र रेषा बसवायची लघुतम वर्गांची पद्धत लजांद्रने १८०५ साली छापली, ती मी आजही वापरते. छोट्या नमुन्यावर भरवसा किती ठेवायचा ते सांगणारी टी-चाचणी १९०८ ची. ती गिनेसच्या दारूभट्टीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. अठराव्या वर्षी शिकलेलं हे पन्नाशीतही उपयोगी पडतं.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबी बघा. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण माणूस मुळात गणिती. जुन्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांची वजनं करून, वापराने ती किती झिजली यावरून त्यांचा क्रम लावायचा, असं काम त्यांनी संख्याशास्त्र वापरून केलं. १९४४ साली आनुवंशिकीत जनुकांमधलं अंतर मोजायचं सूत्र दिलं, त्याला आजही कोसंबींचंच नाव आहे. आणि फलनांवरच्या (फंक्शन्सवरच्या) १९४३ च्या एका निबंधात त्यांनी जी कल्पना मांडली ती जगात पुढे कारुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने गाजली. आज डेटा सायन्सच्या वर्गात शेकडो रकान्यांतून मोजके महत्त्वाचे घटक काढायची जी पद्धत शिकवतात, ती याच कुळातली. नंतर ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. नाणी, जनुकं आणि फलनं असे तीन परके प्रदेश, आणि तिन्हीकडे शिदोरी एकच.

मोजायला फूटपट्टी

आता अभ्यासक्रम तपासायचा कसा? यासाठी एक सोपी फूटपट्टी आहे, फुकट मिळणारी. इंजिनिअरिंगच्या एम.टेक. प्रवेशासाठी जी गेट परीक्षा असते तिच्यात २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आला. त्याच्या अभ्यासक्रमात सात विभाग आहेत. संभाव्यता आणि संख्याशास्त्र हा पहिला. मग लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशन, प्रोग्रॅमिंग आणि डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, मशीन लर्निंग, एआय. सातातले पहिले तीन निव्वळ गणित. ते पान छापा, समोर ठेवा आणि हातातल्या पदवीचा अभ्यासक्रम सत्र-सत्र उघडून यातलं किती, कितव्या सत्रात, किती क्रेडिटला आहे ते मोजा. गेट द्यायची की नाही हा प्रश्न वेगळा.

अशी मोजणी केली की पत्रकांचा रंग उतरतो.

संख्याशास्त्राच्या बी.एस्सी.पासून सुरुवात करते, कारण मुंबईत हा सर्वांत दुर्लक्षित पर्याय आहे असं माझं मत आहे. मी याच वाटेने आले, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. माटुंग्याचं रुईया असो की धोबीतलावचं सेंट झेवियर्स, शहरात जुनी कॉलेजं आहेत जिथे हा विषय गंभीरपणे शिकवतात, आणि अनुदानित तुकडीची फी इंजिनिअरिंगच्या पुढे किरकोळ वाटावी. संभाव्यता, वितरणं, नमुना पाहणी, प्रयोगांची आखणी, रिग्रेशन हे सगळं सावकाश, हाताने गणितं करवून घेत शिकवलं जातं. माझ्या वेळी एफवायला तीन विषय आणि टीवायला एकच, सिक्स युनिट्स, अशी पद्धत होती. आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडविषय, आलं आहे. ओई, व्हीएससी, एसईसी ही अक्षरांची भेळ बघून पालक गांगरतात, पण त्यातली कामाची गोष्ट मायनर ही आहे. मेजर संख्याशास्त्र आणि मायनर कॉम्प्युटर सायन्स, किंवा मेजर गणित आणि मायनर संख्याशास्त्र, अशी जोडी कॉलेजात मिळत असेल तर ती पाचही पत्रकांना भारी आहे. मिळते का ते प्रवेशाआधी विचारा, कारण प्रत्येक कॉलेजात सगळ्या जोड्या नसतात. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स.

उणीवही सांगते. संख्याशास्त्राची मुलं प्रोग्रॅमिंगमध्ये कच्ची राहतात. प्रात्यक्षिकं वहीत आणि कॅल्क्युलेटरवर होतात, आरची तोंडओळख होते, एसक्यूएल बहुधा नाहीच. दुसरी गोष्ट कॅम्पसवरच्या नोकऱ्या, त्या इंजिनिअरिंगच्या मानाने कमी. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने पुढे एम.एस्सी. करायची तयारी ठेवावी. आयआयटींच्या एम.एस्सी.साठी जी जॅम परीक्षा असते तिच्यात गणितीय संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. म्हणजे बारावीला हुकलेल्या पवईकडे तीन वर्षांनी पुन्हा बघता येतं. शिवाय काही दारं मुख्यत्वे हीच किल्ली उघडते. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या पात्रतेत पदवीला संख्याशास्त्र हा विषय किंवा त्यातली पदव्युत्तर पदवी असावी लागते. रिझर्व्ह बँकेत डीएसआयएम नावाचा सांख्यिकी आणि माहिती व्यवस्थापनाचा विभाग आहे, तिथे ग्रेड बी अधिकारी म्हणून संख्याशास्त्राचे पदव्युत्तर घेतात. पत्रकावरचं नाव महत्त्वाचं ठरतं ते अशा सरकारी जागांवर, कारण तिथे पात्रतेची ओळ अक्षरशः वाचली जाते.

आणि देवनार! गोवंडी स्टेशनजवळ १९५६ पासून असलेली लोकसंख्या विज्ञान संस्था कितीतरी मुंबईकरांना ठाऊक नाही. देशभरातल्या घराघरांत जाऊन माहिती गोळा करणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून हीच संस्था सांभाळत आली आहे. देशात किती मुलं खुरटलेली आहेत, लसी किती जणांना मिळाल्या, हे आकडे पेपरात येतात त्यामागे नमुना निवडण्याचं आणि प्रश्नावली बांधण्याचं जे काम असतं ते अस्सल डेटा सायन्स आहे. निळ्या पडद्याविना.

इंजिनिअरिंगचं बोलायचं तर कॉम्प्युटर किंवा आयटी शाखा चांगल्या कॉलेजात मिळत असेल तर डोळे मिटून घ्यायला हरकत नाही. प्रोग्रॅमिंग पक्कं होतं, कॅम्पसला कंपन्या येतात, आणि काम डेटा सायन्सचं नाही मिळालं तर सॉफ्टवेअरचं मिळतं. ज्यांना मॉडेल बनवण्यापेक्षा डेटा वाहून नेणाऱ्या पाइपलाइनी बांधायच्या आहेत, म्हणजे डेटा इंजिनिअर व्हायचंय, त्यांना याहून चांगली वाट नाही. गोची गणिताची आहे. संभाव्यता आणि संख्याशास्त्र उपयोजित गणिताच्या एखाद्या पेपरात कोंबलेलं असतं आणि एम-थ्री, एम-फोर म्हणजे केटी लागू नये म्हणून उरकायचे विषय, अशी मुलांची धारणा. ते उरकलं नाही, मनापासून केलं, तर इंजिनिअर संख्याशास्त्रवाल्याला सहज मागे टाकतो.

एआय अँड डेटा सायन्स शाखा आणि बी.एस्सी. डेटा सायन्स यांच्याबद्दल सरसकट काही बोलता येत नाही, आणि म्हणूनच फूटपट्टी सर्वांत जास्त इथे लागते. काही कॉलेजांनी जुन्या संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर विभागांना एकत्र आणून हा कोर्स उभा केला आहे, तो उत्तम असू शकतो. काही ठिकाणी पाटी नवी, माल आयटीचाच. एका कॉलेजात मला पाहुणी म्हणून शिकवायला बोलावलं होतं. संपूर्ण संभाव्यता चार तासिकांत संपवा, म्हणाले, पुढे डीप लर्निंग घ्यायचंय. मी बेझपर्यंत पोचले आणि वेळ संपली. मुलं हुशार होती. महिन्याभराने ती न्यूरल नेटवर्क चालवत होती आणि ते काय करतंय हे त्यांना विचारायची सोय नव्हती. तेव्हा अशा कोर्सला जाण्याआधी विचारा की संख्याशास्त्र शिकवणारे पूर्णवेळ शिक्षक किती, आणि पहिली तुकडी पास होऊन कुठे गेली. उत्तर देताना समोरचा प्लेसमेंटच्या फ्लेक्सकडे बोट दाखवू लागला तर काय समजायचं ते समजा.

अर्थशास्त्राचं पत्रक भाचीने उगाच घेतलं होतं, पण मी ते बाजूला ठेवू दिलं नाही. अर्थमिती, म्हणजे आकडेवारी लावून केलेलं अर्थशास्त्र, हा विषय डेटा सायन्सचा सख्खा चुलतभाऊ आहे, आणि कशामुळे काय झालं हा कार्यकारणाचा प्रश्न अर्थशास्त्रवाले आमच्याहून नेटाने विचारतात. पाऊस पडला की लोकल लेट होतात आणि कांदाभजीही खपतात, म्हणून भज्यांमुळे लोकल लेट होत नाही. हे भज्यांबाबत सगळ्यांना कळतं, पण सवलतीमुळे विक्री वाढली की दिवाळीमुळे, इथे भलेभले घसरतात. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, कलिन्यात विद्यापीठाचा जुना अर्थशास्त्र विभाग आहे. अट एकच, बी.ए.ला गणित आणि संख्याशास्त्राचे जेवढे पेपर घेता येतील तेवढे घ्यायचे. नाहीतर पदवी वाचनाची होते.

शुद्ध गणित किंवा पदार्थविज्ञान केलेली मुलं उशिरा उमलतात पण उमलतात. बी.एस्सी. आयटी आणि बीसीएमधून डेटा अॅनालिस्टच्या नोकऱ्या मिळतात. त्यापुढे जायचं तर गणित बाहेरून भरून काढावं लागतं.

त्यासाठी एक सोय अलीकडे झाली आहे. आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला, जो पुढे बी.एस. पदवीपर्यंत जातो. जेईई लागत नाही, आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. मध्येच प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा घेऊन थांबता येतं. दुसरी पदवी करता करता हाही करणारी मुलं आहेत. फाउंडेशनच्या गणितात आणि संख्याशास्त्रात पुष्कळ गळतात, पण त्यात वाईट काही नाही. आपल्याला हे आवडतं का, ते कमी खर्चात कळतं.

मुंबईचा विचार

शहराचाही यात हात असतो. इथल्या नोकऱ्या बँका, विमा, म्युच्युअल फंड, शेअर बाजार यांच्या भोवती आहेत. बीकेसीत सेबी आणि राष्ट्रीय शेअर बाजार शेजारी शेजारी, फोर्टात रिझर्व्ह बँक. म्हणजे इथे जोखीम मोजणारे, फसवणूक पकडणारे, विम्याचे हप्ते ठरवणारे लोक लागतात. औषध कंपन्यांमध्ये क्लिनिकल ट्रायलसाठी जैवसंख्याशास्त्र येणारे लागतात. या कामांत मॉडेलने असं का म्हटलं, हे नियामकाला समजावून सांगावं लागतं. 'मशीन म्हणालं' हे उत्तर चालत नाही. म्हणून मुंबईत राहायचं असेल तर संख्याशास्त्राच्या पारड्यात मी अजून थोडं वजन टाकते. ज्याला अॅप बनवणाऱ्या कंपन्यांत जायचंय त्याने कॉम्प्युटर घ्यावं आणि बंगळूरची मानसिक तयारी ठेवावी.

"पण आता कोड एआयच लिहितो ना? मग हे सगळं कशाला?" भावोजींचा शेवटचा बाण.

लिहितो. माझा कोड आता बराचसा तोच लिहितो, चांगला लिहितो. १ जूनच्या त्या ओळी काढून टाकायचा कोड त्याने दोन सेकंदांत लिहिला असता. काढायच्या की नाहीत, हे मला विचारलं असतं की नाही, सांगता येत नाही.

एक गोष्ट अकरावीत असलेल्यांच्या पालकांसाठी. कॉमर्सला गणित की एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस), आणि सायन्सला गणित सोडून नुसतं पीसीबी, हा निर्णय पंधराव्या-सोळाव्या वर्षी पाच मिनिटांत होतो, बहुधा मैत्रिणीने काय घेतलं ते बघून. इथे गणित सुटलं की वर लिहिलेल्या बहुतेक वाटांवर कुंपण पडतं. सुटलं असेलच तर आर्ट्स-कॉमर्समधून अर्थशास्त्राची वाट अरुंद पण उघडी राहते, आणि मद्रासच्या कोर्सला दहावीचं गणित आणि इंग्रजी पुरतं, बारावीची शाखा कुठलीही चालते. पण ते पोहून नदी पार करण्यासारखं आहे, पूल शेजारीच असताना.

ताई पत्रकं गोळा करून घरी गेली. भाचीला मी काम दिलं होतं. पाचही अभ्यासक्रम उतरवून घ्यायचे आणि गेटच्या सात विभागांसमोर क्रेडिट मांडायचे. गुरुवारी रात्री साडेदहाला तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला, स्केलने आखलेला तक्ता, त्यात दोन चौकोन लाल पेनाने गोल केलेले. खाली लिहिलं होतं, "मावशी, तिसऱ्या कॉलेजात दुसऱ्या सेमला 'बिझनेस मॅथ्स' आहे. संभाव्यतेत धरू का?"

मी लिहिलं, "नाव बघू नकोस. आतले युनिट उघडून वाच."